तलावांच्या मुलखात सायकलने

नागपूरहून रायपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग भंडाऱ्याजवळ वैनगंगा ओलांडतो आणि लाखनी, साकोली ही गावे मागे टाकीत कोहमाऱ्याच्या फाट्यापाशी येतो. मालमोटारींची रांग या मार्गावर रात्रंदिवस चालू असते. मोटारीतून जाणाऱ्या प्रवाशाला दोन्ही अंगांस धानाच्या बांध्या, मध्येच सागाचा एखादा पट्टा आणि क्षणभर चमकून जाणारे पाणी एवढेच दिसते. ते पाणी कोणी अडविले, केव्हा अडविले, ते कोणाच्या शेतात जाते, हे विचारण्यास त्याला उसंत नसते. मात्र याच महामार्गावरून डावी-उजवीकडे फुटणाऱ्या एखाद्या ग्रामीण रस्त्यावर सायकल वळविली की अर्ध्या तासात इंजिनांचा घोष मागे पडतो आणि तलावांचा खरा मुलूख सुरू होतो.

हा मुलूख म्हणजे पूर्वीचा भंडारा जिल्हा. १ मे १९९९ रोजी त्याचे विभाजन होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. आजमितीस ‘तलावांचा जिल्हा’ हे बिरूद दोन्ही जिल्हे मिरवितात आणि ते दोघांनाही शोभते. लोकांच्या बोलण्यात या प्रदेशाचे नाव मात्र जिल्ह्यांच्या सीमांना न जुमानणारे आहे: झाडीपट्टी. झाडी आणि पाणी या दोन गोष्टींनीच येथील शेती, अन्न, बोली, देवदैवते आणि भांडणेही घडविली आहेत. त्यांचा अभ्यास करावयाचा तर सायकलइतके सोयीचे वाहन नाही, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे ठरू नये. पायी चालणाऱ्याला दिवसाकाठी दोन-तीन तलाव पाहता येतील, सायकलस्वाराला आठ-दहा. मोटारीला तर तलावाच्या पाळीपर्यंत जाताच येत नाही, आणि जाऊही नये. त्याचे कारण पुढे येईलच.

रस्त्याची निवड

आपल्याकडील रस्त्यांचे राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग असे वर्गीकरण करण्यात आले आहे. शांत सायकलप्रवासासाठी यांपैकी शेवटचे दोन वर्ग उपयोगाचे. या भागातील अनेक खेड्यांना जोडणारे रस्ते प्रथम रोजगार हमीच्या कामांतून मुरुमाचे झाले, पुढे २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतून त्यांपैकी पुष्कळ डांबरी झाले. या योजनेतील रस्त्याची डांबरी पट्टी सर्वसाधारणपणे पावणेचार मीटर रुंद असते. समोरून ट्रॅक्टर आला तर सायकलस्वाराला बाजूच्या मुरुमावर उतरावे लागते. पण अशा रस्त्यावर वाहनांचा वेगही बेताचाच असतो आणि चालक माणूस पाहून गाडी हळू करतो. रुंद, सरळ आणि गुळगुळीत रस्त्यापेक्षा अरुंद व वळणाचा रस्ता सायकलला अधिक सुरक्षित ठरतो, याचे मर्म यात आहे.

प्रदेश बहुतांशी सपाट आहे. गायखुरीच्या रांगा, नवेगाव आणि प्रतापगडकडील टेकड्या सोडल्या तर दम लागेल असा चढ क्वचितच येतो. साधी सायकल तासाला बारा ते पंधरा किलोमीटर सहज चालते. दिवसाला पन्नास किलोमीटरचा बेत आखला तर तलावावर थांबण्यास, माणसांशी बोलण्यास आणि दुपारी सावलीला टेकण्यास वेळ उरतो. याहून अधिक अंतराचा हव्यास धरणाऱ्याने महामार्गच पत्करावा, हे बरे.

सायकल कोणती असावी, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. बहुपदरी गिअरच्या, अरुंद टायरच्या सायकली शहरांत आता पुष्कळ दिसतात. परंतु त्यांच्या मापाची ट्यूब साकोली किंवा अर्जुनी मोरगावच्या दुकानात मिळेलच असे नाही. उलट अठ्ठावीस इंची साधी काळी सायकल मोडली तर जवळच्या मोठ्या गावात ती दुरुस्त करणारा माणूस, व्हॉल्व्ह ट्यूब, सोल्युशनची नळी आणि ठिगळ हे सर्व मिळते. बाभळीचे काटे या भागातील पांदणींत विपुल आहेत. ठिगळ लावण्याचे साहित्य, हवेचा पंप, दोन लिटर पाणी आणि मागील चाकावर लाल परावर्तक एवढा सरंजाम पुरेसा होतो.

ऋतूच्या बाबतीत मात्र तडजोड नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने उत्तम. धानाची कापणी झालेली असते, तलाव भरलेले असतात आणि उत्तरेकडून आलेली बदके पाण्यावर उतरलेली असतात. एप्रिल-मे मध्ये येथील पारा चाळीस अंशांच्या बराच वर जातो. पावसाळ्यात, जेव्हा हा प्रदेश सर्वांत देखणा असतो, तेव्हा नाल्यांवरील सखल पूल आणि सांडव्याखालचे रस्ते पाण्याखाली जातात. वाहत्या पाण्यातून सायकल ढकलीत नेण्याचे साहस करू नये. गुडघाभर पाणीही माणसाला वाहून नेऊ शकते.

हिवाळ्याच्या रस्त्यांविषयी एक बारकावा सांगण्यासारखा आहे. मळणीच्या दिवसांत शेतकरी डांबरी रस्त्यावर धान वाळत घालतात, आणि तणसाचे लांब दांडे सायकलच्या साखळीत गुंततात. शिवाय दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटांचा हंगाम सुरू होतो. त्या निमित्ताने झाडीपट्टी रंगभूमीची नाटके गावोगावी रात्रभर चालतात. ज्या गावी आदल्या रात्री नाटक झाले असेल त्या बाजूने सकाळी येणाऱ्या मोटारसायकलस्वाराच्या डोळ्यांवर झोप असते. अशा सकाळी सायकलस्वाराने रस्त्याची कडा धरून राहावे.

पाणी अडविण्याची विद्या

या भागात वर्षाला सरासरी तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाराष्ट्राच्या दुष्काळी तालुक्यांशी तुलना केली तर हा आकडा मोठा वाटतो. परंतु बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो आणि धानाला फुलोऱ्याच्या वेळी, नेमका पाऊस ओसरत असताना, पाणी लागते. सप्टेंबरच्या अखेरीस दोन आठवड्यांचा खंड पडला तर उभे पीक पोचट होते. त्या दोन आठवड्यांसाठी पाणी साठवून ठेवणे, हा येथील तलावांचा मूळ हेतू होय. सायकलने जाणाऱ्याला हे सूत्र एकदा उमगले की तलाव कोठे असेल, हे तो रस्त्याच्या उतारावरूनच ओळखू लागतो: वर जंगल, त्याच्या पायथ्याशी तलाव, तलावाच्या पाळीखाली गाव आणि गावाच्या खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेल्या बांध्या.

या तलावांचे कर्तेपण परंपरेने कोहळी समाजाकडे जाते. गोंड राजांनी कोहळ्यांना काशीकडून येथे आणविले, अशी कथा सांगितली जाते. कथेचा ऐतिहासिक भाग कितीही असो, गोंड राजवटीत जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन द्यावी, अशी रीत होती आणि तिने लोक तलाव बांधण्यास प्रवृत्त झाले, हे अभ्यासकांनी मान्य केले आहे. पोवार आणि इतर शेतकरी समाजांनीही तलाव बांधले. जंगल तोडून जमीन करणाऱ्या गोंड आणि हलबा गावकऱ्यांच्या श्रमांवर ते उभे राहिले. कोहळ्यांचे वैशिष्ट्य असे की नकाशा, दुर्बीण वा मोजपट्टी नसताना पाणी कोणत्या बाजूने येईल, कोठे तुंबेल आणि कोठून वाहून जाईल, याचा अंदाज त्यांनी अचूक बांधला.

तलावाच्या प्रत्येक भागाला येथील बोलीत वेगळे नाव आहे. मातीच्या बांधाला पाळ किंवा पार, जादा पाणी वाहून जाण्याच्या जागेला सलंग, पाणी सोडण्याच्या दाराला तुडुम. शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतातील लहान तळ्याला बोडी म्हणतात. वरच्या तलावाच्या सलंगावरून सुटलेले पाणी खालच्या तलावात आणि त्याच्या सलंगावरचे त्याखालच्या बोडीत, अशी साखळी कित्येक ठिकाणी आजही पाहावयास मिळते. शिक्षकांनी विद्यार्थ्यांची सहल न्यावयाची झाली तर एकाच ओढ्यावरील अशी साखळी वरून खाली सायकलने पाहावी. भूगोलाच्या पुस्तकातील पाणलोट क्षेत्राचे प्रकरण एका दुपारी समजते.

इंग्रजी अमदानीत मालगुजारी पद्धत आली आणि हे तलाव मालगुजारांच्या मालकीचे ठरले. त्याबरोबरच गावकऱ्यांचे पाण्यावरील, चराईवरील आणि सरपणावरील हक्क ‘निस्तार’ म्हणून वाजिब-उल-अर्ज या दस्तऐवजात नोंदले गेले. दरवर्षी उन्हाळ्यात गाळ काढणे, पाळीवर माती टाकणे, तुडुमाची डागडुजी करणे ही कामे मालगुजाराच्या देखरेखीखाली गाव करीत असे. या व्यवस्थेत अन्याय नव्हता असे नाही. मालगुजाराचे शेत आधी भिजत असे, हे वृद्ध शेतकरी आजही सांगतात. पण पाण्याची वाटणी आणि तलावाची निगा या दोन गोष्टी एकाच हाती होत्या.

तत्कालीन मध्य प्रदेश राज्याच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली आणि तलाव शासनाकडे आले. जमिनीच्या हक्काच्या दृष्टीने ही सुधारणा आवश्यकच होती. तलावाच्या निगराणीच्या दृष्टीने मात्र एक पोकळी निर्माण झाली, हे प्रांजळपणे नमूद करणे भाग आहे. शासनाच्या कागदपत्रांत या तलावांना ‘माजी मालगुजारी तलाव’ असे नाव पडले. कार्यालयांत आणि गावांत त्यांना सर्रास ‘मामा तलाव’ म्हणतात. पूर्व विदर्भात त्यांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असलेले तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे राज्याच्या यंत्रणेकडे, मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे, बुडीत क्षेत्राच्या कडेची जमीन महसूल खात्याकडे आणि वरचे जंगल वनविभागाकडे, अशी आता विभागणी आहे. तुडुम नादुरुस्त झाले तर अर्ज कोणाकडे करावयाचा, हे सरपंचालाही चटकन सांगता येत नाही.

पाळीवरून मोटार वा ट्रॅक्टर नेऊ नये याचे कारण येथेच आहे. मातीची पाळ चाकांच्या दाबाने खचते, चाकोऱ्यांत पावसाचे पाणी साचून मुरते आणि पाळीला भेगा पडतात. सायकल आणि बैल यांच्या जाण्याने एवढी हानी होत नाही. काही गावांनी पाळीच्या दोन्ही टोकांस दगडी खांब रोवून मोठ्या वाहनांस मज्जाव केला आहे. ही साधी तजवीज प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहे.

नवेगावबांध

या सर्व तलावांत नवेगावबांधचा तलाव सर्वांत प्रसिद्ध. सुमारे अकरा चौरस किलोमीटर विस्ताराचा हा जलाशय कोलू पाटील कोहळी याने बांधला, असे मानले जाते. तलावाभोवतीच्या सात टेकड्यांना ‘सात बहिणी’ म्हणतात. त्यांनीच बांध घालण्यास साहाय्य केले, अशी लोकश्रद्धा आहे, आणि स्थापत्याच्या दृष्टीने पाहता ती अगदीच निराधार नाही: डोंगरांनी तलावाचा बराचसा काठ आधीच उभा करून ठेवला होता, माणसाने मधल्या खिंडी तेवढ्या बुजविल्या. कोलू पाटलाला पुढे देवत्व प्राप्त झाले. एका टेकडीवर कोलासूर देव म्हणून त्याचे ठाणे आहे. पाटबंधाऱ्याच्या कामाबद्दल माणसाचा देव व्हावा, अशी उदाहरणे विरळाच.

सायकलस्वाराने येथे पहाटेची घाई करू नये; सूर्य टेकडीच्या वर आल्यानंतर पाण्यावरील धुके हळूहळू विरते आणि त्यानंतरच पक्षी नीट दिसतात. थापट्या, तरंग, चक्रवाक, वारकरी अशा पाणपक्ष्यांचे थवे हिवाळ्यात येथे असतात. पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांचे नाव येथील पक्षी अभयारण्यास देण्यात आले आहे. नवेगावला वनाधिकारी म्हणून राहिलेले मारुती चितमपल्ली यांनी या तलावावर आणि जंगलावर मराठीत विपुल लिहिले. ‘नवेगावबांधचे दिवस’ हे त्यांच्या एका पुस्तकाचे नावच आहे. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या लेखनाचे एक मोठे श्रेय असे की माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या स्थानिक जाणत्यांचे आणि ढीवर, गोंड माणसांचे ज्ञान त्यांनी आदराने नोंदविले.

ढीवर समाजाचा येथे स्वतंत्र उल्लेख करावयास हवा. तलावावर मालकी कोणाचीही असो, तलाव कळतो तो ढीवरांना. मरळ कोठे घरटे करते, शिंगाड्याचे वेल कोठे लावावे, कोणते गवत पाण्याखाली असले म्हणजे बदके उतरतात, हे त्यांच्या स्त्रियांनाही ठाऊक असते. रोहू-कटल्याचे बीज सोडण्याची पद्धत आल्यानंतर आणि बेशरम ही परकी वनस्पती तलावांच्या काठाने माजल्यानंतर अनेक तलावांतील देशी मासे व पाणवनस्पती घटल्या. अर्जुनी मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवर संस्थांच्या साहाय्याने काही तलावांतील बेशरम उपटून देशी वनस्पतींची पुन्हा लागवड केली. मासे आणि पक्षी दोन्ही परतू लागले. शासनाच्या बाजूने २०१४ च्या अखेरीस जाहीर झालेले जलयुक्त शिवार अभियान आणि २०१७ पासूनची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना यांमधून गाळ काढण्याची कामे झाली. यंत्राने सरसकट खोदलेला तलाव आणि विचारपूर्वक खोदलेला तलाव यांतील फरक सायकलवरूनही दिसतो: पहिल्याचा काठ कड्यासारखा तुटलेला असतो आणि त्यावर ना गवत, ना पाखरू, दुसऱ्याचा काठ उथळ राहतो आणि तेथे बगळे उभे असतात.

इटियाडोहकडे

नवेगावबांधहून अर्जुनी मोरगावमार्गे गोठणगावकडे जाणारी वाट धानशेती आणि जंगल यांच्यामधून आलटून पालटून जाते. गोठणगावजवळ गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. १९७० च्या सुमारास पूर्ण झालेला हा प्रकल्प मातीच्या पाळीचाच, पण मापाने आणि कल्पनेने निराळा: जुना तलाव गावासाठी, तर हे पाणी कालव्यांनी दूरवरच्या तालुक्यांत जाते. दोन्ही एकाच दिवशी पाहिले म्हणजे सिंचनाच्या दोन युगांची तुलना आपोआप होते.

याच परिसरात एक अनपेक्षित दृश्य सायकलस्वारापुढे येते. डोंगराच्या पायथ्याशी रंगीत पताका फडफडताना दिसतात. ती नॉर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत. १९७२ मध्ये वसविण्यात आलेल्या या वसाहतीतील कुटुंबांनी थंड पठारावरून येऊन झाडीपट्टीच्या उन्हात शेती केली. त्यांची मुले मराठीही सफाईने बोलतात. जवळच्या प्रतापगडावर महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते; त्या दोन-तीन दिवसांत ही वाट शांत राहत नाही, म्हणून प्रवासाचा बेत त्याप्रमाणे मागेपुढे करावा.

उत्तरेकडे, तिरोडा तालुक्यात, बोदलकसा आणि चोरखमारा हे इंग्रजी अमदानीतील दोन सुंदर जलाशय आहेत. जंगलाने तिन्ही बाजूंनी वेढलेले. मात्र गोंदिया-तिरोडा हा मुख्य रस्ता जड वाहनांचा आहे. तेवढा टप्पा रेल्वेने करून पुढे सायकलवर चढणे श्रेयस्कर.

जंगलाची शिस्त

नागझिरा अभयारण्य १९७० मध्ये आणि नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये घोषित झाले. नवे नागझिरा, नवेगाव अभयारण्य आणि कोका यांसह डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. २०२३ च्या मे महिन्यात ब्रह्मपुरी परिसरातील दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. याचा सायकलस्वाराच्या दृष्टीने अर्थ सरळ आहे. पिटेझरी, मंगेझरी, चोरखमारा यांसारख्या प्रवेशद्वारांच्या आत परवानगीखेरीज पायी वा सायकलने जाता येत नाही, आणि आतून जाणारी एखादी वाट नकाशावर दिसली म्हणून ती आपली होत नाही.

अडचण द्वाराबाहेरच्या रस्त्यांची आहे. नवेगाव आणि नागझिरा यांमधील वनपट्ट्यांतून प्राण्यांचे येणे-जाणे चालते. महामार्गाने हा पट्टा छेदला असून प्राण्यांसाठी भुयारी मार्ग व उंच पूल बांधावे लागले. ग्रामीण रस्त्यांना असे पूल नाहीत. तेथे प्राणी आणि माणूस एकाच डांबरावर चालतात. मोटारीच्या आवाजाने प्राणी सावध होऊन बाजूला होतो. सायकल निःशब्द असते. जो गुण पक्षी पाहताना वरदान ठरतो, तोच वळणावर अस्वलापुढे नेऊन उभा करतो. म्हणून वनपट्ट्यातून जाताना घंटी वाजवीत, दोघे-तिघे मिळून आणि मोठ्याने बोलत जावे. सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर जाऊच नये. मार्च-एप्रिलमध्ये, मोह फुलतो तेव्हा, तर पहाट सर्वांत धोक्याची: माणसेही मोहफुले वेचण्यास निघतात आणि अस्वलेही. फुले वेचणारी बाई वाकलेली असते, तिला समोरचे दिसत नाही. पाहुण्याने ती वेळ आणि ती जागा दोन्ही तिला मोकळी सोडावी. तिचा वर्षाचा पैसा त्यात असतो.

सारस पक्ष्याच्या बाबतीतही असाच संयम हवा. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरले आहेत. अलीकडच्या गणनांत राज्यातील त्यांची संख्या पन्नाशीच्याही आत आहे. पावसाळ्यात ते धानाच्या बांधीतच घरटे करतात, म्हणजे त्यांचे जगणे शेतकऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. पूर्वी पीक तुडविले जाते म्हणून अंडी काढून टाकण्याचे प्रकार घडत. गोंदियातील सेवा संस्थेने शेतकऱ्यांशी बोलून घरट्यांची राखण सुरू केली आणि हे प्रकार बरेच कमी झाले. विजेच्या तारांना धडकून होणारे मृत्यू आणि कीटकनाशके हे प्रश्न शिल्लक आहेत. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून याची दखल घेतली. रस्त्यावरून सारसांची जोडी दिसली तर रस्त्यावरूनच पाहावी. धुऱ्यावर उतरून छायाचित्र घेण्याचा मोह झाला की शेतकऱ्याचे धानही तुडविले जाते आणि पक्षीही उठतो.

रस्त्यावरची खरी रहदारी

या आडवाटांवर पाहुणा सायकलस्वार अपवादानेच दिसतो. रोजची रहदारी निराळी आहे. एके काळी सायकलला पितळी बिल्ला घ्यावा लागे आणि ग्रामसेवक, शिक्षक, टपालवाला, दूधवाला सगळेच तिच्यावर असत. ते आता मोटारसायकलवर गेले. सायकल उरली ती मजुरांकडे, ढीवरांकडे आणि सर्वांत अधिक संख्येने शाळकरी मुलींकडे. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी साहाय्य दिले जाते. गावात सातवीपर्यंतच शाळा असली तर पूर्वी मुलीचे शिक्षण तेथेच थांबे. आता सकाळी साडेनऊच्या सुमारास तलावाच्या पाळीखालच्या रस्त्याने निळ्या-पांढऱ्या गणवेशातील मुलींची रांग जाताना दिसते.

शांत रस्ता त्यांच्यासाठी निसर्गशोभा नव्हे. डिसेंबरात शाळा सुटून घरी पोचेपर्यंत अंधार पडू लागतो, आणि मधला दोन किलोमीटरचा वनपट्टा ओलांडावयाचा असतो. काही गावांत पालकांनी पाळीपाळीने फाट्यावर उभे राहण्याची व्यवस्था केली आहे. काही शाळांनी हिवाळ्यात शेवटचा तास आधी घेऊन मुलींना लवकर सोडण्यास सुरुवात केली. हे निर्णय शाळा व्यवस्थापन समितीच्या एका बैठकीत होऊ शकतात. रस्त्याकडेची झुडपे दोन्ही बाजूंस चार-पाच मीटरपर्यंत छाटून ठेवणे हे काम मात्र बांधकाम विभाग, वनविभाग आणि पंचायत यांच्या संमतीने करावे लागते आणि तेथेच ते रेंगाळते. वळणावरच्या झुडपामागे उभे असलेले जनावर दिसणे न दिसणे यावर सगळे अवलंबून असते.

रस्ते रुंद करू नयेत, शांतता टिकावी, असे शहरातून आलेल्या निसर्गप्रेमींना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु प्रसूतीसाठी अडलेल्या बाईला घेऊन रुग्णवाहिका यायची असते, आणि धानाचा ट्रॅक्टर खरेदी केंद्रावर जायचा असतो. रस्ता वाईट राहावा अशी इच्छा करण्याचा अधिकार पाहुण्याला नाही. मागावयाचे ते एवढेच की रस्ता चांगला करताना सलंगाचे पाणी जाण्याची मोरी बुजवू नये, वनपट्ट्यात वेगरोधक असावेत आणि कडेचे जुने मोह-चिंचेचे झाड वाचविता येत असेल तर वळसा घ्यावा. मोरी बुजली की पहिल्याच मोठ्या पावसात पाणी पाळ फोडते किंवा नवा रस्ता तोडते. दोन्ही खर्च पुन्हा त्याच पंचायतीच्या दारात येतात.

मुक्काम आणि परतीचा प्रवास

नवेगावबांध आणि बोदलकसा येथे पर्यटकांच्या राहण्याची सोय आहे. इतरत्र गावातील शाळा किंवा समाजमंदिर हाच आधार; त्यासाठी सरपंच वा मुख्याध्यापकांस आधी कळवावे. जेवणात भात अटळ. हिवाळ्यात धान निघता निघता त्याच ओलाव्यावर पेरलेल्या लाखोळीची कोवळी भाजी आणि ढीवरांकडून विकत घेतलेले उकडलेले शिंगाडे मिळाले तर ते आवर्जून खावेत. पाणी उकळून प्यावे.

गोंदिया-बल्लारशा हा लोहमार्ग या मुलखाच्या मधून जातो. एके काळी तो अरुंदमापी होता. नवेगावबांधसाठी देवलगाव आणि पुढे अर्जुनी ही स्थानके सोयीची. सायकल मात्र या लहान स्थानकांवर नोंदवून सामानाच्या डब्यात चढविणे कठीण जाते. गाडी मिनिट-दोन मिनिटेच थांबते. त्यामुळे सायकल गोंदियालाच उतरवून घ्यावी, दक्षिणेकडे तलावांच्या रस्त्याने सावकाश जावे आणि परतीलाही गोंदिया गाठावे. सायकल नोंदविण्यापूर्वी तिच्या दांड्यावर नाव, पत्ता आणि स्थानक लिहिलेली चिठ्ठी घट्ट बांधावी, आणि टायरमधील थोडी हवा काढून ठेवावी.